सातवा बार

तायडे सरांच्या थोबाडीत मी एकदा मारली आहे. चांगली सणसणीत, पाच-सहा माणसांसमोर. मेहकरच्या एका कॉलेजात मी भूशास्त्राच्या प्रयोगशाळेची परिचर, ते विभागप्रमुख, आणि वयानं माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठे. त्यांच्याबद्दल सांगायचं तर आधी हे सांगितलेलं बरं. नाहीतर पुढं मी त्यांचं कौतुक करायला लागेन आणि तुम्हाला वाटेल, बाई भक्तीत वाहवली. भक्ती-बिक्ती काही नाही. एकवीस वर्षं त्या माणसानं माझं डोकं खाल्लं.

दिसायला वाळलेलं लाकूड. उंच, काटक, गळ्याचं हाड वर आलेलं. डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत निळे-काळे ठिपके, गोंदल्यासारखे. ते गोंदण नव्हतं, कातडीत रुतलेली दगडाची कच होती. त्याच बाजूचा कान गेलेला. म्हणून कुणी डावीकडून बोललं की सर सगळं अंग वळवून बघायचे, आणि समोरच्याला वाटायचं आता हा मारतो. बरेचदा ते खरंही असायचं.

राग तर विचारू नका. त्यांच्या हातात कायम भूशास्त्राची हातोडी. पोरगं चुकलं की हातोडी टेबलावर. आमच्या प्रयोगशाळेतलं टेबल दगडी फरशीचं, त्याच्या कडेचे टवके उडून ती करवतीसारखी झाली होती. नवीन प्राचार्य आले तेव्हा त्यांनी विचारलं, "हे कशानं झालं?" मी म्हटलं, "शिकवण्यानं."

पण त्या टेबलाचा त्यांना आणखी एक उपयोग होता. शिकवता शिकवता सर मध्येच थांबायचे. उजवा हात वर करायचे, वर्ग चिडीचूप. मग डावा तळवा त्या फरशीवर सपाट टेकवून डोळे मिटायचे. दूर कुठंतरी शिवारात विहिरीचे बार उडत असायचे. आपल्याकडं विहीर म्हणजे काळ्या दगडात सुरुंग लावूनच खोदायची. भोकं पाडायची, त्यात सुरुंगाचे तोटे भरायचे, वाती पेटवून वर यायचं, आणि वर लपून आवाज मोजायचे. जितकी भोकं तितके आवाज झाले पाहिजेत. एक जरी कमी झाला तरी खाली तो तोटा जिवंत बसलेला असतो. आम्हाला कानांनी नुसतं गुरगुरल्यासारखं ऐकू यायचं. सरांना तळव्यातून एकेक वेगळा लागायचा.

"पाच," ते म्हणायचे. आणि फटफटीला किक मारून तास अर्धवट सोडून चालते व्हायचे. त्या विहिरीवर जाऊन विचारायचे, "भोकं किती होती बे?" पाच म्हटलं की तसेच परत. प्राचार्यांनी तीनदा लेखी खुलासा मागितला. तिन्ही वेळा सरांनी एकच ओळ लिहून दिली : मोजणी बरोबर निघाली.

त्यांचा विषय मात्र विहिरीचा नव्हता. त्यांचा विषय होता पार खालचा. दीडशे-दोनशे किलोमीटर खालचा. "आपण ज्या काळ्या दगडावर उभे हाओ ना, ते वरचं कव्हर हाय," ते पोरांना सांगायचे. "त्याच्या खाली जुनी जमीन. आणि त्या जुन्या जमिनीले खाली मुळी असते, दातासारखी. तठचा दगड वितळेल नाही. घट्ट हाय. पण घट्ट असूनबी चालते. तुमचं नख वाढते, त्याच्यापेक्षाबी हळू. रेटा बसते, ताण बसते, कण लांबट होते, पण मोडत नाही. कोट्यवधी वर्षं मार खाऊन राह्यला तो दगड. तुम्ही एक छडी खात नाही."

आणि मग यायचं पाणी. पाण्याचं नाव निघालं की सरांच्या गालावरचे ठिपके काळे पडायचे. खालच्या त्या दगडाच्या स्फटिकात पाणी मुरलेलं असलं, म्हणजे थेंब नव्हे, डोळ्यांना दिसणारही नाही इतकं, तर तो मऊ पडतो, वाहायला लागतो. कोरडा असला तर टिकतो. जुनी भूमी अजून उभी आहे ती तिची मुळी कोरडी आहे म्हणून, हे सरांचं ठाम मत. "पाणी घात करते," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या स्वप्नात यायचं.

हे शिकवायला ते गुळाची ढेप आणायला लावायचे. दोन खडे. एक कोरडा खणखणीत, एक पावसाळ्यात ओल धरून पाझरायला लागलेला. कोरड्यावर हातोडी अशी हाणायचे की पुढच्या बाकावरच्यांच्या तोंडावर गुळाच्या चिपा. एकदा एका पोरीच्या भुवईतून रक्त आलं. तिला मी हळद लावत होते आणि सर तिकडं ओरडून राहिले होते, "फुटला! पण वाहिला का? वाहिला का?" ओला खडा नुसता अंगठ्यानं दाबला की पसरायचा. पोरं हसायची, सर मात्र त्या पसरलेल्या गुळाकडं दुश्मनासारखे बघायचे. नंतर टेबल पुसायचं काम माझं, मुंग्यांशी भांडायचं कामही माझंच.

पाण्याची थोरवी सांगणारा कॉलेजचा एक कार्यक्रम होता, त्याचा फलक सरांनी उभा फाडला. लोणारला सहल नेली तेव्हा पोरं काठावर उभी राहून फोटो काढत होती, केवढी उल्का, केवढा खड्डा, असं चाललं होतं. सर चिडले. "हे काहीच नाही बे! वरून येऊन एक गुम्मा हाणला आणि झालं. एका क्षणाचं काम. खालचा दगड रोज मार खाते, त्याचा फोटो कोणी काढते का?" एका पोराच्या हातातला मोबाईल त्यांनी हिसकला, पण फेकला नाही. स्वतःच्या खिशातून एक दगड काढला, त्याचा फोटो काढला आणि मोबाईल परत दिला.

तो दगड सांगायचा राहिला. पेरूएवढा. वरून काळपट, एका कडेला चिरल्यागत जागा होती तिथं आतलं हिरवं दिसायचं, मुगाच्या डाळीसारखं. आंध्रात हिऱ्यांच्या खाणीजवळ खालचा वितळलेला रस कधीकाळी जमीन फोडून वर उसळला होता, त्यानं तो दीडशे किलोमीटरवरून उचलून आणला. सरांच्या गुरुजींनी त्यांना दिला. एक कापडी पिशवी होती, तिच्यात तो चोवीस तास सरांच्या अंगावर. त्याच्या कडेचा एक पातळ काप काढून गुरुजींनी काचेवर बसवून दिला होता, ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की लांबट ताणलेले कण दिसायचे. मीही पाहिले. रंगीत, सगळे एकाच दिशेनं कललेले. मी बारावी पास बाई, पण त्या दिवशी काम सोडून मी परत परत त्यातच बघत बसले, हे कबूल करते.

त्यांचा एक जुना विद्यार्थी दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत होता. दर दिवाळीला फोन करायचा. "सर, आतला सुपारीएवढा ताजा तुकडा द्या. त्याच्यात पाणी आहे की नाही, आम्ही मोजून सांगतो." दर दिवाळीला सर त्याला शिव्या घालायचे. दगड फोडायचा नाही म्हणजे नाही.

मी एकदा विचारलं, "सर, तुम्हाले तर माहीतच हाय का तो कोरडा हाय. मंग मोजायले काऊन भेता?"

हातोडी टेबलावर आपटली नाही. नुसते म्हणाले, "शोभाबाई, तुम्ही काचा पुसा."

आता त्या पाण्याचं कारण. ते मला सर स्वतः कधी बोलले नाहीत, विहिरीवाल्यांना बोलायचे. एकदा हिवरखेडकडच्या एका विहिरीवर मीही होते, तिथून गाडी पकडायची होती म्हणून सरांच्या फटफटीवर बसले होते. तिथं एक बार उडाला नव्हता, आणि म्हातारा मिस्तरी त्या भोकावर वरून बादलीनं पाणी ओतून राहिला होता. पूर्वी काळी दारू भरायचे तेव्हा पाण्यानं ती मरायची. आताच्या तोट्याला पाण्याचं काही वाटत नाही, पण जुन्या लोकांच्या डोक्यातून ते जात नाही. सर फटफटीवरून उतरले ते थेट त्या म्हाताऱ्याच्या कानाखाली. बादली विहिरीत, मिस्तरी जमिनीवर, आणि सरांचा गुडघा त्याच्या छातीवर.

"माह्या बापानं असंच पाणी टाकलं होतं!" सर ओरडत होते. "थंड झालं म्हणे! थंड झालं! आणि खाली उतरला! आम्ही त्याले पोत्यात भरून वर काढला!"

माणसांनी सरांना ओढून काढलं. म्हातारा रडायला लागला. मग सरांनी पिशवीतून हिरवा दगड काढला आणि त्या रडणाऱ्या माणसाला, विहिरीच्या काठावर बसून, दीडशे किलोमीटर खाली पाणी कसा घात करतं ते अर्धा तास समजावलं. "आमची विहीर चाळीस फुटाची हाय, साहेब," तो बिचारा म्हणत राहिला. माझी गाडी गेली.

तर असा हा माणूस. आणि असं असताना त्याला माझ्या माहेरच्या वावरात जेवायला बोलावलं ते मीच. माझा धाकटा भाऊ गोपाल विहीर खोदून राहिला होता, रविवार होता, वांग्याचं भरीत आणि भाकरी केली होती. विहिरीचं काम चालू आहे म्हटल्यावर सर नाही म्हणणारच नव्हते. आले. पिण्याचं पाणी आपल्या बाटलीत आणलं, ती त्यांची जुनी सवय. विहिरीचं पाणी ते कुठंच पीत नसत.

सात भोकं भरली होती. बबन मिस्तरी वाती पेटवून बादलीत बसून वर आला, क्रेनवाल्यानं क्रेन बंद केली, आम्ही सगळे ट्रॅक्टरच्या आड. वावराच्या अंगाला एक बुटकी टेकडी आहे. मिस्तरी मोठ्यानं मोजत होता. सर पालथे पडून दोन्ही तळवे जमिनीला लावून होते. माझी आई हसली त्यांना बघून.

"सात!" मिस्तरी उठला. "झाले. धूर निघू द्या."

"सहा," सर म्हणाले.

"सात झाले सर. म्या सोता मोजले."

"सहा झाले. सातवा टेकडीचा पडसाद हाय. वरून आला, खालून नाही आला."

गोपाल माझ्यासारखाच, तोंडानं फटकळ. म्हणाला, "सर, तुमाले एका कानानं ऐकू येते, आमाले दोन-दोन हायेत." सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. क्रेन दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात जाणार होती, त्यामुळं घाई. धूर विरला. गोपाल काठावर गेला, बादलीच्या कडीला हात घातला, एक पाय आत टाकला.

सर धावले. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. पिशवी तोंडानं फाडली, दगड मुठीत घेतला आणि गोपालच्या मनगटावर असा हाणला की आवाज मला ट्रॅक्टरपाशी ऐकू आला. काड्ऽ. दगड निसटून क्रेनच्या लोखंडी पायावर आपटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. गोपाल मातीत पडून गुरासारखा ओरडायला लागला. हात उलटा वळला होता, हाड कातडीतून वर आलं होतं.

"माय वं, माह्या भावाले मारलं!" मी गेले ती तशीच, आणि सरांच्या त्या ठिपक्यांच्या गालावर सगळी ताकद लावून ठेवून दिली. त्यांनी हात उचलला नाही. दोन्ही हातांनी बादलीची दोरी धरून उभे राहिले. "मारा," म्हणाले. "अजून मारा शोभाबाई. पण कोणाले खाली सोडू नका." मिस्तरी त्यांना दोरीपासून ओढायला लागला, तर सर त्याच्या दंडाला चावले. क्रेनवाल्यानं पाठीत लाथ घातली. सर पडले, पडल्या पडल्या मिस्तरीचा पाय धरला. मी गोपालला मांडीवर घेऊन रडतही होते आणि सरांना शिव्याही देत होते, अशा शिव्या की माझ्या आईनं कानावर हात ठेवला.

आणि बार उडाला.

खाली वात कुठंतरी धुमसत राहिली असेल. जमीन खालून उचलली गेली. विहिरीतून दगड वर आले, ते आधी वर गेले आणि मग आमच्यावर. एक खाटेएवढा धोंडा, खोटं नाही, जिथं बादली टेकलेली होती तिथं पडला. बादली चपटी झाली, क्रेनचा एक पाय वाकला. मिस्तरीच्या डोक्यातून रक्ताची धार. आईच्या पाठीवर बारीक दगडांचा सडा. धुळीत काही दिसेना. धूळ बसली तेव्हा सर अजून पालथेच होते, तोंडात माती, तळवे जमिनीवर.

"सात," ते म्हणाले.

दवाखान्यात सर बाहेरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून होते. ना त्यांनी माझी माफी मागितली, ना मी त्यांची. गोपालनं पोलिसात तक्रार दिली नाही. त्याचा हात आजही वाकडाच आहे, भाकरी मोडतो ती डाव्या हातानं. कुणी विचारलं तर म्हणतो, "एक मास्तर होता, त्यानं जीव दिला मले, पावतीबी दिली."

दगडाचे दोन्ही तुकडे मी माझ्या पदरात उचलून आणले होते. सोमवारी टेबलावर ठेवले. आत इतका हिरवा होता तो, ताजा, ओल्यासारखा चकाकत होता. सरांनी दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले. मग म्हणाले, "फुटलाच हाय. पाठवा एक तुकडा त्या पोट्ट्याकडे." मीच डबीत कापूस घालून पाठवला.

उत्तर यायला खूप दिवस लागले. तोवर सर निवृत्त झाले, त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि मलकापूरला भावाकडं नेऊन ठेवलं. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं, तेव्हा रजा टाकून मी एसटीनं मलकापूर गाठलं. दुपारची वेळ. खोली रेल्वेच्या रुळांना लागून. सर भिंतीशी खाटेवर, एक बाजू निकामी, चेहरा ओढलेला. मी उजव्या कानाशी वाकले आणि वाचून दाखवलं. पोरानं मराठीत सोपं करून लिहिलं होतं, माझ्यासाठीच बहुतेक. दगडात पाणी आहे. थोडंच, पण नक्की आहे. आणि तरीही ती मुळी टिकली आहे. ती थंड आहे, वजनानं हलकी आहे, अशी बरीच कारणं असतात. टिकणं न टिकणं एकट्या पाण्यावर ठरत नाही, सर.

मला वाटलं आता हातोडी मागतील.

"पाणी होतं," जीभ जड झालेली, शब्द एकेक करून यायचे. "तरी टिकला."

"हो सर."

"मंग पाण्यानं नाही केलं."

मला कळेना ते कशाबद्दल बोलतायत. म्हटलं, "कोणाचं काय नाही केलं?"

"बापाचं." डोळ्यातून पाणी कानात ओघळत होतं, ते पुसायला त्यांचा त्या बाजूचा हात उठत नव्हता. मी पदरानं पुसलं. "पाणी टाकलंच नव्हतं त्यानं. पाणी म्या मागून बनवलं. मले मोजायले बसवलं होतं. कॉलेजात जाय ना मी, हुशार. बापानं विचारलं, किती झाले? मले सहा वाटले, सात वाटले. टेकडी होती तठी. मले समजलं नाही. मी म्हणलो, सात."

मी त्यांचा धड हात धरला. दुसऱ्या हातानं ठिपक्यांचा गाल पुन्हा पुसला. त्याच गालावर मी मारलं होतं.

तेवढ्यात मालगाडी आली. खोली हादरायला लागली, तांब्यावरचं फुलपात्र वाजायला लागलं. सरांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि तळवा भिंतीला लावला. डोळे मिटले. ओठ हलत होते. गाडी लांबच लांब, संपता संपेना. शेवटचा डबा गेला, भिंत शांत झाली, तरी त्यांनी तळवा काढला नाही.

"किती?" त्यांनी मला विचारलं.

"काय मालूम सर. मले नाही मोजता आले."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या तोंडावर राग नव्हता.

"हे," ते म्हणाले. "एवढंच म्हणायचं होतं मले. बापाले."